दिगंबरची दारू

देश एक झाला होता. संस्थानं गेली, राजे पेन्शनीवर आले, नकाशावर सगळीकडे एकच रंग लागला. इतवारा पेठेतल्या शाळेत दिगंबर दर पंधरा ऑगस्टला हे पोरांना टेबलावर मूठ आपटून सांगे. फक्त बुऱ्हाणपूरला उघड मिळणारी दारू पुढच्या स्टेशनात गुन्हा होती, कारण तिथे मध्य प्रदेश संपून दारूबंदीचं मुंबई राज्य सुरू होई. त्या स्टेशनात आता एक हवालदार डब्यात चढून दिगंबरची पिशवी उलटी करत होता.

पिशवीतून दोन नारळ निघाले, बायकोचं, कुसुमचं लुगडं निघालं आणि लुगड्याच्या घडीतून बाटली निघाली. हवालदाराने बूच काढून वास घेतला. मग आख्ख्या डब्याने घेतला. बुऱ्हाणपुराहून तृप्त होऊन परतणारे दोघे तेवढे श्वास रोखून खिडकीबाहेर केळीच्या बागा पाहत राहिले.

बाटलीत स्पिरिट होतं आणि स्पिरिटमध्ये सुपारीएवढा एक तुकडा. तो समोरच्या बाकावर बसलेल्या गोदाबाईंच्या छातीतल्या गाठीचा होता. हे त्यांची दोन मुलं, दिगंबर आणि प्रकाश, आणि थोरली सून कुसुम, एवढ्यांनाच माहीत होतं. बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी तुकडा काढून दिला होता. मुंबईला दाखवा, कॅन्सर असला तर उशीर नको, असं बजावलं होतं. गोदाबाईंना सांगितलं ते असं, की गळू होतं, कापून टाकलं, आता त्र्यंबकेश्वराला जाऊन येऊ. मुंबईचं नाव काढायची सोय नव्हती. शेजारच्या धुरपदाबाई मुंबईच्या दवाखान्यात गेल्या त्या परत आल्याच नाहीत. तेव्हापासून गोदाबाईंनी जाहीर करून टाकलं होतं, मरेन तर तापीकाठी मरेन. वाटेत सुगावा लागला तर त्या मिळेल त्या स्टेशनात उतरल्या असत्या. नाशिकच्या पुढे त्यांना कसं न्यायचं, हे तिघांनी अजून ठरवलं नव्हतं. नाशिक यायला वेळ होता.

प्रकाश तहसिलीत नोकरीला होता. सरकारी माणसाशी हिंदीत बोललेलं बरं, असा त्याचा अनुभव.

"अरे साब, दवाई है," तो म्हणाला.

"दवाई? मंग घ्या एक घोट. माझ्यासमोर घ्या."

प्रकाशने बाटलीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. घोट काही घेतला नाही.

हवालदाराने बाटली उजेडात धरली. "आतमधी लोणच्याची फोडबी हाय. लय शौकीन दिसता भो."

डबा हसला. कुसुम पदराचं टोक दातांत धरून बसली. खरं काय ते सांगा, नाहीतर सगळेच्या सगळे उतरा, हवालदार म्हणाला. गार्डाने शिट्टी दिली. गोदाबाई पुढे वाकून बाटली न्याहाळू लागल्या. त्यांना जवळचं नीट दिसत नसे, पण प्रयत्न चालू होता. आणखी थोड्या वाकल्या असत्या तर दिसलं असतं.

दिगंबर मध्ये उभा राहिला.

"माझी आहे," तो म्हणाला. "दारू आहे. मी पितो."

द्राक्षासवाने ज्याला चक्कर येई, त्याने हे इतक्या स्वच्छ उच्चारात सांगितलं की डब्याचा विश्वास बसला. गोदाबाईंचाही बसला. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्या उठल्या, लेकाच्या थोबाडीत एक दिली आणि मग हवालदारापुढे हात जोडले. याला नेऊ नका, म्हणाल्या, पोरं शिकवतो. मुंबईला मोठमोठे दवाखाने आहेत, तिथं हे सुटत असेल. मी स्वतः नेते याला. नाशिक राहू द्या, देव कुठं पळून जातो.

हवालदारालाही आई असावी. त्याने बाटली रुळांवर उपडी केली आणि खाली उतरला. गाडी हलली. तिघांपैकी कोणी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

मुंबईत त्या तुकड्याचं कोणी विचारलंसुद्धा नाही. तुकडे आम्ही इथेच काढतो, डॉक्टर म्हणाले. प्रत्येक खोलीत गोदाबाई दिगंबरच्या आधी शिरत. आधी मला टोचा, आधी मला यंत्राखाली झोपवा, म्हणजे पोराची भीती मोडेल. डॉक्टरांनी तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि हरकत घेतली नाही. गाठ वाईट निघाली, पण वेळेत निघाली. ऑपरेशनला नेताना गोदाबाईंनी एवढंच विचारलं, दिगूला कधी घेणार. मग विजेचा शेक झाला, उलट्या झाल्या, केस पिंजून कापसासारखे झाले. दिगंबर उशाशी बसून असे. त्याचं तोंड हुंगल्याशिवाय त्या त्याच्या हातून पाणी घेत नसत.

पुढच्या वर्षी डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. त्या संध्याकाळी गोदाबाई वाती वळत होत्या. कुसुम शेजारी बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. गाठ, तुकडा, स्पिरिट, सगळं. सांगताना रडली.

गोदाबाईंनी हातातली वात पुरी केली. "गाठ माझ्या अंगावर होती, कुसुम. ती काय मला कळली नव्हती? तिच्यापायी मी नाशिकपुढे पाऊल टाकलं नसतं. मी गेले ती दिगूच्या दारूपायी."

"पण आई, ते कधी प्यायलेच नाहीत."

गोदाबाईंनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. दारुड्याची बायको आणखी काय सांगणार, त्या म्हणाल्या. गल्लीतल्या मनकर्णाचा पोरगा पिऊन पिऊन गेला, तिची सूनही शेवटपर्यंत हेच सांगे.

दर एकादशीला दिगंबर आईच्या पायांवर हात ठेवून दारू सोडतो.