घोटभर गंगाजल

कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली गाड्यांमागोमाग अकोल्याच्या रस्त्यानं पटकीही आली. आजारी गाडीवानाला लोकांनी शिवेवर टाकलं. सूर्यभान माळ्यानं मळ्यात आणून त्याची घाण काढली आणि स्वतःही अंथरूण धरलं. जन्मात त्यानं देवाला हात जोडले नव्हते. "मरताना तोंडात गंगाजल पडलं नाई, तं सरग कसा भेटन?" बायको मनकर्णा रडली. "मले विहिरीचंच दे," तो म्हणाला. तिनं काशीहून आलेला होता नव्हता तेवढा घोट गुपचूप गडूत ओतला आणि विहिरीचं म्हणून दिला. तेवढ्यात शेजारी पडलेला गाडीवान पाण्यासाठी विव्हळला. "त्याले दे अगोदर," म्हणत सूर्यभाननं गडू सरकवला. मनकर्णेला खरं सांगता येईना. गाडीवानानं गडू रिकामा केला. ती विहिरीकडं धावली. परतेपर्यंत सूर्यभान गेला होता. तिनं भरला गडू कवटाळला. "त्यायनं पेलं नाई, देवा, पन तुनं तं पायलं."