मशीन काय म्हणतंय

"बाबा, मशीन काय म्हणतंय?"

डोक्यावर ढगळ पिवळं हेल्मेट घातलेली एवढीशी पोर. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवलेलं, मूठ तिच्या कानाला. "म्हणतंय, घसा सुकला, तेल द्या," असं तो म्हणाला होता आणि पोर खळखळून हसली होती. ते हसू त्याच्या मनात जसंच्या तसं होतं. झिजलं नव्हतं, गंजलं नव्हतं. बाकी सगळ्यावर मात्र हल्ली कुणी कापूस अंथरल्यासारखं झालं होतं. सुख नाही, दुःख नाही. नुसते दिवस.

खांद्यावर हात पडला तसा तो भानावर आला. बायको होती.

"कधीची हाका मारतेय. चहाचं पार पाणी झालं. वर्गाला जायचं नाही का?"

"निघालोच."

"लोक या वयात नातवंडांना शाळेत सोडतात. माझ्या नशिबी नवऱ्याचं दप्तर."

त्याने हसल्यासारखं केलं आणि चपला घातल्या.

कारखान्यात त्याला कानसेन म्हणत. पंपघरातून नुसता चालत गेला, तरी कुठलं बेअरिंग आता फार दिवस टिकत नाही ते सांगायचा. वरचे साहेब त्याच्या शब्दावर चालू मशीन थांबवत. असा माणूस दुरुस्तीचं काम सोडायला निघाला, यंत्रांच्या कंपनांवरच्या पदव्युत्तर प्रमाणपत्राला बसला, याचं सगळ्यांना नवल. नोकरी करणाऱ्या इंजिनियरांचा वर्ग तो. कुणाला वाट बदलायची होती, कुणाला अंगावरची धूळ झटकायची होती. मशीनला सेन्सर चिकटवायचा, पडद्यावर उमटलेली रेघ वाचायची आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचं, अशी ती विद्या.

"कानसेन, तुम्हाला कशाला हवीत ही थेरं?" फोरमन म्हणाला. "तुमचा कान म्हणजे अख्खी प्रयोगशाळा."

"कान माझ्याबरोबर घरी जाईल," तो म्हणाला. "रेघ मागे राहील."

वर्गात तो पहिल्या बाकावर बसे. कंपन शिकवणाऱ्या बाई खिडकीसमोर उभ्या राहून सावकाश बोलत. त्यांचं सगळं त्याच्या डोक्यात बसे. दुसरे सर दाढीमिशांच्या जंगलातून बोलत, तेही फळ्याकडे तोंड करून. तो विषय त्याला जड गेला. शेजारी एक मुलगी बसायची, पूल बांधायचं सोडून इकडे आलेली. तिच्या वह्या तो मागून घेई.

"काका, सरांच्या तासाला झोपता की काय?"

"डोळे उघडे ठेवून."

"मग ती कलासुद्धा शिकवा एकदा."

प्रात्यक्षिकाला बाकीचे हेडफोन चढवत. तो मोटरवर तळहात टेकवून बसे आणि पडद्याकडे बघे.

"तुम्ही ऐकत का नाही?" बाईंनी एकदा विचारलं. "एवढा नावाजलेला कान तुमचा."

"त्याची सवय मोडायलाच तर आलोय."

बाई हसल्या. म्हणाल्या, "थरथर आणि आवाज एकाच आईची लेकरं. एक हाताला बिलगतं, एक कानाला."

ते वाक्य त्याने वहीत लिहून घेतलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

रविवारी दुपारी लेकीचा फोन येई. तिचं लग्न झाल्यापासूनची ही रीत. बायको पोटभर बोलून घेई आणि मग फोन त्याच्यापुढे धरी. तो पुस्तकातून मान वर काढून म्हणे, "तूच बोल. मला वाचायचंय."

फोन ठेवला की ती त्याच्यासमोर येऊन बसे आणि तेच जुनं पान उघडे.

"खिडकीशी पंखा उघडून बसला होतात तुम्ही. पोर मागे उभी राहून सगळं सांगत होती. मुलगा कोण, कसा, सगळं. रडत होती. शेवटी म्हणाली, बाबा, मनात नसेल तर नको म्हणा, मी नाही करणार. तुम्ही मानसुद्धा वळवली नाहीत. पाना फिरवत राहिलात. असा दगड कसा हो झाला तुमचा?"

तो तिच्या तोंडाकडे बघत राही. मुलीने शेवटी आपल्या मनाने लग्न केलं. तो गेला, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला, जेवला आणि परत आला. बापलेकीत एक शब्द झाला नाही.

परीक्षा झाली. तो पास झाला, तेही चांगला. कारखान्याने त्याला काचेच्या खोलीत टेबल दिलं. समोर पडदे, पडद्यांवर रेघा. पंपघराशी आता त्याचा संबंध उरला नाही. फोरमनने आठवण म्हणून तो लांब स्क्रूड्रायव्हर मागितला. तेवढा त्याने दिला नाही, घरी आणला.

त्या रविवारी बायको फोन घेऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"पास झालात ते सांगितलं तिला. ती म्हणते, आज बाबा बोलले नाहीत तर पुन्हा फोन करणार नाही. माझ्याशीही नाही. आता तुम्ही आणि तुमचा राग. काय ते ठरवा."

त्याने पुस्तक मिटलं. हात पुढे केला.

फोन त्याने कानाला लावला नाही. आवाज मोठा करून टेबलावर ठेवला आणि वर अलगद तळहात टेकवला. बारीकशी थरथर आली, थांबली, पुन्हा आली.

"रडतेय का ती?" त्याने बायकोला विचारलं.

खोलीभर मुलीचा हुंदका घुमत होता. बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

तो फोनवर वाकला.

"बोलत राहा, पोरी, मी हात ठेवलाय. त्या दिवशी तू मागे उभी राहून विचारलंस ना, तेव्हा माझे दोन्ही कान गेलेले होते."