स्कूटरचं तारण

"लायसन्स ठेवून घेणार नाही," सुधीरराव म्हणाले. "लायसन्स काय, खोटंही असतं."

खाली स्कूटर विकायला उभी होती आणि गिऱ्हाइकाला तिच्यावरून एक चक्कर मारायची होती. मागच्या दिवाळीत मेव्हण्याची बाईक अशाच एका चकरेवर गेली ती गेलीच. त्यावरून सुधीररावांनी त्याला वर्षभर सगळ्या नातेवाइकांसमोर सोलून काढलं होतं. आता आपलीच स्कूटर गेली तर कोपरीतलं घर सोडून जावं लागलं असतं.

संदेश नावाचा तो पोरगा जराही रागावला नाही. "बरोबर आहे काका. आजकाल विश्वास कोणावर ठेवणार? मी आईला ठेवून जातो ना."

दारातल्या म्हातारीला त्याने हात धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं. "आई, बस हां. आलोच." म्हातारीने मान हलवली. सुधीररावांनी किल्ली दिली. आईपेक्षा भक्कम तारण बँकेलाही मिळत नाही.

हेमाताईंनी चहा टाकला. म्हातारी तो बशीत ओतून प्यायली. पोहे खाल्ले, पुन्हा मागून घेतले. पोटभर खाणारी माणसं खोटी नसतात, असं हेमाताईंचं मत होतं.

एवढ्या वेळात पोरगा टिटवाळ्याचा गणपती करून आला असता. फोन बंद लागत होता. तरी सुधीरराव निवांत होते. जाऊन जाऊन जाणार कुठे? आई इथे आहे.

शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "मावशी, कुठे अडकला हो तुमचा मुलगा?"

"कोण, तो स्कूटरवाला? तो कुठला माझा मुलगा? सकाळी स्टेशनात भेटला. चल आई, चहा पाजतो म्हणाला."

सुधीररावांना मेव्हण्याचा चेहरा आठवला आणि त्यांचा आवाज चढला. "अहो, मग तो आई आई करत होता तेव्हा बोलला का नाहीत?"

"बरं वाटलं," म्हातारी म्हणाली.

"आणि तुमचा मुलगा कुठंय?"

म्हातारीने रिकामी बशी हेमाताईंच्या हातात दिली.

"तो परवा स्टेशनातल्या बाकड्यावर बसवून गेला. तोही आलोच म्हणाला होता. याने निदान कुणाच्या घरात तरी बसवलं."