ठोक्यांची गाळणी

दाढीवाला डिझायनरच्या खुर्चीला टेकला आणि पडद्यावरची रेघ चढली.

प्रोग्रामरने चहाचा कप खाली ठेवला. डिझायनर म्हणजे त्याची बायको. दाढीवाला हा नवा टेस्टर. त्याला विनोद करता येत, हा त्याचा मुख्य दोष.

कंपनी नाडी दाखवणारं अ‍ॅप बनवत होती. चाचणीसाठी सगळ्यांच्या मनगटावर घड्याळं होती आणि कुणीही कुणाचे ठोके बघावेत, असं ठरलेलं होतं. घड्याळाकडून ठोक्यांचा प्रवाह अखंड फोनवर येई. तो आहे तसा दाखवला तर रेघ नुसती उड्या मारते. म्हणून वाटेत गाळण्या लावायच्या, हे प्रोग्रामरचं काम. नवऱ्याचं कामही त्याने त्यातच उरकून घेतलं. यादीतून बायकोचं नाव निवडलं, जिन्यावरची धाप गाळली, चहानंतरची तरतरी गाळली, सरासरी काढली. एवढं गाळूनही दाढीवाला उरलाच. तो तिच्याजवळ गेला की रेघ वर. प्रोग्रामर स्वतः जाऊन बसला की रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट.

"काय एवढं हसत होतात?" त्याने बायकोला विचारलं.

"बटणाच्या रंगावर."

"त्यात हसण्यासारखं काय?"

"तू निवडला होतास तो."

आठवडाभर तो आतल्या आत धुमसला. शेवटी राहवेना, तेव्हा त्याने दाढीवाल्यालाच बोलावून रेघ दाखवली. "ही तिची नाडी. आता काय ते खरं सांग."

दाढीवाल्याने रेघ सोडून कोडच वाचायला घेतला. टेस्टरची खोड.

"दादा, नाव निवडल्यावर वरचं नाव तेवढं बदलतंय. प्रवाह कुठे बदलतोय? आधीचा सोडून नव्या माणसाचा धरायला हवा ना? पहिल्या दिवशी तुम्ही स्वतःचं घड्याळ जोडलंत, ते अजून तसंच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी वहिनींजवळ गेलो की तुमची नाडी उडते. तब्येतीला जपा."

प्रोग्रामरचे कान लाल झाले, पण जीव भांड्यात पडला. त्याने चूक दुरुस्त केली. आता रेघ खरोखर बायकोची होती. दाढीवाला तिच्याजवळ गेला, काहीतरी बोलला, ती खळखळून हसली. रेघ ढिम्म. प्रोग्रामरला त्या माणसाविषयी एकाएकी इतका जिव्हाळा वाटला, की दुपारी त्याने आपला अर्धा डबा त्याच्यापुढे सरकवला.

संध्याकाळी घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत बसली होती, चाचणीचं घड्याळ अजून मनगटावरच होतं. तिची रेघ उघडून फोन मांडीवर ठेवत तो म्हणाला, "मला बाहेरगावच्या ऑफिसात पाठवायचं म्हणतायत. महिनाभर."

"महिनाभर?" ती घडी नीट करत म्हणाली. "मला करमायचं नाही रे."

आवाज अगदी शांत होता. मांडीवर मात्र रेघ वर, वर, थेट पडद्याच्या कडेला जाऊन टेकली. प्रोग्रामरला भरून आलं.

"तू म्हणत असशील तर नाही म्हणून सांगतो," तो म्हणाला.

"छे, कामाला नाही कसं म्हणायचं," असं म्हणून तिने पलंगाखालची बॅग ओढली आणि गुणगुणत त्याचे शर्ट भरायला घेतले.