भिंतीवरचा एक दिवस

मुलांनो, अशी एक खोली डोळ्यांसमोर आणा, जिच्या चारी भिंतींवर घड्याळं आहेत आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नाही. एकात साडेदहा, शेजारच्यात सव्वाचार. मधोमध टेबल. त्यावर चिमटे, बारीक पेचकस, तेलाची कुपी आणि कडेला एक जुनाट कॉम्प्युटर. त्याच्यासमोर म्हातारे घड्याळजी बसलेत. भिंग कपाळावर सरकवलंय, नाक पडद्याला टेकायचं तेवढं बाकी आहे. आता दारात त्यांची भाची उभी करा. बारा वर्षांची, दप्तर एकाच खांद्यावर. कुठंच टिकत नाही म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात.

"अकरा पानं होती गं," घड्याळजी म्हणाले. "तू शिकवलंस तसं शनिवारी नीट बंद करून गेलो. आज उघडलं, तर एक नाही."

घड्याळजींचा उजवा डोळा गेला होता. डावा फार तर वर्षभर साथ देईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून घड्याळांबद्दल जे जे ठाऊक होतं ते त्यांनी दोन बोटांनी टाइप करायला घेतलं होतं. कुठला लंबक थंडीत अडखळतो, कुठली स्प्रिंग उघडताना तोंड बाजूला ठेवायचं. पाच दिवस मशीन बंदच केलं नव्हतं. चालतं यंत्र उगाच थांबवू नये, ही त्यांची जुनी सवय.

खालच्या मजल्यावरचा कॉम्प्युटरवाला तिथंच स्टुलावर बसला होता. हे मशीन आता भंगारात द्या, नवी सिस्टीम याला पेलणार नाही, असं त्याने महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. मग भिंगरीने शाळेतल्या बाईंकडून पेनड्राइव्ह आणला. त्यात अशी सिस्टीम होती, जी कुणीही फुकट घ्यावी, आतून उघडून बघावी, पुढच्याला द्यावी. आणि भंगारातलं ते मशीन तुरुतुरु चालू लागलं.

"फुकटचं ते फुकटच, काका," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "मी म्हटलंच होतं."

"त्याला कशाला बोल लावतोस? माझंच बोट कुठंतरी पडलं असेल. वय झालं आता."

दोष असा सिस्टीम आणि मामा या दोघांत वाटून झाला. भिंगरीच्या वाट्याला काहीच आलं नाही.

तिने पडद्याकडे पाहिलं. पेनड्राइव्ह मशीनला खोचलेलाच होता. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं चित्र होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, 'इन्स्टॉल करा'.

"हे तुम्ही दाबलं नाही?" तिने विचारलं.

"तू दाब म्हणाली नाहीस. मग कसा दाबेन?"

इथली गोम अशी आहे. ही सिस्टीम पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते, दुकानात सदरा अंगात घालून बघावा तशी. सगळं चालतं, लिहिताही येतं. पण मशीन बंद केलं की पाटी कोरी. लिहिलेलं राहायला हवं तर सिस्टीम मशीनमध्ये बसवावी लागते, आणि त्याला अर्धा तास जातो. बाईंनी हे दोनदा बजावलं होतं. पण पेनड्राइव्ह आणला त्या सोमवारी खाली मैत्रिणी सायकली घेऊन थांबल्या होत्या. मामांनी "झालं का?" विचारलं, तेव्हा भिंगरी जिन्यातूनच "झालं" म्हणाली होती.

त्या खोलीत हा शब्द इतका स्वस्त नव्हता. दुरुस्त केलेलं घड्याळ घड्याळजी भिंतीवर लावत आणि पुरता एक दिवस चालू देत. तोवर गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी उत्तर एकच, "उद्या सांगतो." काकांना लग्नाचं विचारलं तेव्हाही ते हेच म्हणाले, म्हणून बिनलग्नाचे राहिले, असं कॉम्प्युटरवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

आता त्याने मोबाइलवर नव्या मशीनचे फोटो उघडून पुढे धरले होते. घड्याळजींनी बघायला भिंग डोळ्यावर ओढलं.

"मामा, ते बिघडलेलं नाही," भिंगरी म्हणाली. "तुमचंही काही चुकलं नाही. मी ते बसवलंच नव्हतं. बसवलं म्हणून सांगितलं."

कॉम्प्युटरवाल्याने मोबाइल खिशात घातला आणि दुकानात कुणी नाही म्हणत जिना उतरला.

"पानं परत येतील?" घड्याळजींनी विचारलं.

"नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि समोरचं उघडं घड्याळ जवळ ओढून त्यात डोकं घातलं. ते रागावले असते तर भिंगरीला बरं वाटलं असतं.

तिने दप्तर खाली ठेवलं आणि ते चित्र दाबलं. खालून सायकलची घंटी वाजली. थोड्या वेळाने पुन्हा वाजली, मग दूर गेली. भिंगरी अर्धा तास जागची हलली नाही. काम पुरं झाल्यावर तिने पेनड्राइव्ह काढून घेतला.

"पहिलं वाक्य काय होतं, मामा?"

"घड्याळ उघडण्याआधी कानाला लावावं," ते मान वर न करता म्हणाले.

तिने ते टाइप केलं. मशीन बंद केलं, चालू केलं. वाक्य जागेवर होतं. पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं.

"झालं का?" भिंगाआडून घड्याळजींनी विचारलं.

"उद्या सांगते," भिंगरी म्हणाली, आणि दुसऱ्या वाक्यासाठी खुर्ची पुढे ओढून बसली.