शेजारीणबाईंचं घड्याळ

बेल वाजली तेव्हा भिंतीवरच्या नऊ घड्याळांपैकी एकात साडेसात झाले होते. बाकीची आठ आपापल्या तंद्रीत होती. घड्याळजींना ती तशीच आवडत. जन्मभर लोकांची घड्याळं जुळवली, आता घरातली कशाला जुळवायची?

त्यांनी दार उघडलं. शेजारीणबाई धुक्यातून आत आल्या. हातात झाकलेला कप.

"अहो, चहा घ्या. गार होईल."

चहा वाफाळत होता. रोजच असायचा. बाईंचं घर अगदी लागून असणार, असा अंदाज घड्याळजींनी केव्हाच बांधला होता.

ओळख झाली तीही योगायोगानेच. मागे एका सकाळी स्वयंपाकघरात कुणी परकी म्हातारी उभी होती, खुशाल भांडी घासत. घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी काठी उगारली, तशी ती मागच्या दाराने निघून गेली. त्यांनी काठी खाली ठेवली न ठेवली तोच समोरची बेल वाजली. "मी शेजारची," बाई म्हणाल्या. "घाबरू नका, गेली ती." त्यांना धाप लागली होती. तेव्हापासून त्यांचा एक दिवस चुकला नाही, आणि घड्याळजींनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही.

"बायको बहिणीकडे गेलीय," चहा पिताना ते म्हणाले. "दोन दिवसांत येईल. मग ओळख करून देतो. पटेल तुमचं."

"पटायला हवं. जरा तापट आहे ना ती?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. परवा."

घड्याळजी ओशाळले. मग त्यांनी हात पुढे केला. "ते बंद पडलेलं मनगटावरचं घड्याळ द्या इकडे. आज दुरुस्त करणारच."

रात्रभर त्यांनी हेच घोकलं होतं. नुसत्या गोड बोलण्यावर माणूस किती दिवस टिकणार? या बाई यायच्या थांबल्या तर ती परकी म्हातारी परत येईल. आणि हात अजून चालतात की नाही, तीही एक धास्ती होतीच.

बाईंनी घड्याळ काढून दिलं, जणू वाटच बघत होत्या.

डोळ्याला भिंग लागलं आणि बोटांना सगळं आठवलं. झाकण निघालं. आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक तारखा होत्या. घड्याळ उघडणारा कारागीर आपली खूण तिथे ठेवून जातो.

"ही तर माझीच खूण," ते म्हणाले. "एकेचाळीस वेळा. दरवर्षी एकाच तारखेला. म्हणजे तुम्ही माझं जुनं गिऱ्हाईक, आणि मला पत्ता नाही."

"जुनंच," बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "आणि चिवट."

चाकं पुसून झाली, तेलाचा थेंब पडला. इवलीशी टिकटिक सुरू झाली. धुकं विरलं होतं, टेबलावर ऊन आलं होतं.

"आज तारीख काय हो?"

बाईंनी सांगितली.

"बघा, तीच की." त्यांनी बेचाळिसावी खूण कोरली आणि पट्टा बाईंच्या मनगटावर स्वतः बांधला. "आणि मला भाऊ म्हणत जा. सगळी गल्ली म्हणते."

"नको."

"का?"

"तेवढं एक सोडून काहीही म्हणेन." बाई हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"उद्या याल ना?"

"येईन. कडी लावून घ्या."

कडीचा आवाज येईपर्यंत बाई पायरीवर थांबल्या. मग भिंतीच्या कडेकडेने त्याच घराला वळसा घालून मागच्या दाराशी गेल्या, चपला हातात घेतल्या आणि कमरेच्या किल्लीने हळूच कुलूप काढलं. ओट्यावर झाकून ठेवलेला त्यांचा स्वतःचा चहा केव्हाच गार झाला होता.