सहा जणांची गाडी

वैजापूरकडच्या त्या गावात एसटी येत नव्हती. फाट्यापर्यंत पायपीटच होती. म्हणून इंजिनिअर करुणाने सौरऊर्जेवर चालणारी सहा जणांची गाडी बनवली. तिथल्या म्हाताऱ्या मनकर्णाबाईंच्या गुडघ्यांचा विचार करून पायरीही खाली घेतली. पण गाडी तयार होईपर्यंत विहिरी आटल्या आणि बहुतेक घरांना कुलपं लावून माणसं वाळूजच्या कारखान्यांत गेली. पहिल्या दिवशी गाडीत चढायला एकट्या मनकर्णाबाई आल्या, नवं लुगडं नेसून. "फाट्यावर ने, पोरी." फाट्यावर संभाजीनगरची एसटी आली, खच्चून भरलेली. मनकर्णाबाई खिडक्यांमधल्या चेहऱ्यांकडे बघत राहिल्या. जागच्या हलल्याच नाहीत. एसटी सुटली. "मावशी, बस चुकली की! कुठं जायचं होतं?" करुणाने विचारलं. "कुठंच नाय गं. लई दिवसांत माणसं दिसली नव्हती, म्हून आले." करुणाने गाडी वळवली नाही. दोघी पुढच्या एसटीची वाट बघत बसल्या.